अर्धविरामानंतर

शाहूपुरी, तिसरी गल्ली.
खाली पंपांच्या मोटारी वाइंडिंगला येतात, वर आम्ही.
दोन खोल्या, एक एसी, एसीखाली बादली
आणि काळ्या पेटीत एकशे बारा फाइली.

नाव विचारलं की पत्ता सांगायचा, एवढंच काम.
रात्री तीनलाही कुठून तरी कुणी विचारतं,
मगदूम गूळवाले कुठं?
पेटी दर वेळी फाइल उघडत नाही,
सुरू होताना वाचलेलं तिला पाठ असतं.
चार आकडे सांगते, मध्ये टिंबं,
आणि कुणी विचारलं ते विसरून जाते.

फाइली शिकलगारांच्या.
दिलावर शिकलगार, एकोणीस वर्षं, दोन बोटांनी टाइप.
पहिल्याच दिवशी मला म्हणाले,
"पोरी, टिंब बघ.
शेवटी टिंब दिलं नाहीस
तर नाव आपलंच आडनाव आणि एकदा लावून घेतंय
आणि वाट चुकतंय."
मग म्हणाले, "वरचा अंक वाढवायचा.
वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी दोन घरं,
आज कितव्यांदा हात घातलास त्याची.
अंक वाढला नाही की सांगलीचा सर्व्हर समजतोय
कोल्हापुरात काय घडलंच नाही.
सांगलीवाल्यांना तेवढंच पाहिजे असतंय."
हसले नाहीत.

मी एकदा टिंब विसरलो.
(इथं आम्ही बायकाही असंच बोलतो. आलो, गेलो, विसरलो.)
हुपरीच्या चांदीवाल्यांची मेल दीड दिवस
कुठं जात होती कुणास ठाऊक.
राजकोटची पैंजणांची ऑर्डर होती त्यात.
मालक स्वतः आला, जिन्यात चपला काढून.
भांडला नाही. पाणी मागितलं.
ते जास्त लागलं.

शिकलगार आता मिरजेला, लेकीकडे. डोळे गेलेत.
आणि आमच्याकडं ठरलंय, सगळं पुण्याच्या पॅनेलवर न्यायचं.
फाइली नकोत, रकाने.
नाव, प्रकार, पत्ता, सेव्ह.
म्हणून मी रात्री थांबतो
आणि एकेक फाइल उघडतो, आकडे जुळवायला.

अर्धविराम आला की पेटी पुढचं वाचत नाही.
ओळ संपेपर्यंत आंधळी.
शिकलगार तिथं लिहीत होते,
इंग्रजी अक्षरांत मराठी, स्पेलिंग मनाचं.

; मगदूम. दुपारी दोन ते चार फोन करू नये, झोपतात
; चौगुलेंचे पैसे आले नाहीत. मागू नये, मुलगी ॲडमिट
; हा पत्ता का चालतो कळले नाही. हात लावू नये
; पूर. आम्ही बंद, सांगलीही पाण्यात.
; तीन दिवस कुणालाच काही सांगता आले नाही
; अंक दोनदा वाढला. माझे लक्ष नव्हते, हिला आज नेले

आणि उद्यमनगरच्या फौंड्रीच्या फाइलीत:

; भाऊ वेगळे झाले. दोन्ही नावे चालू ठेवावी, आई हयात आहे

पुण्याच्या पोराला विचारलं.
"कॉमेंट येत नाहीत मॅडम," तो म्हणाला,
"त्या डेटात धरत नाहीत."
बिचाऱ्याचा आवाज चांगला होता. चूक त्याची नव्हती.

मिरजेला फोन लावला.
शिकलगारांनी तब्येत विचारली नाही, पाऊसपाणी नाही.
"अंक वाढवतीयस न्हवं?"
एवढंच.

शनिवारी पेटी बंद होणार.
शुक्रवारी रात्री फौंड्रीच्या फाइलीत
मी त्यांच्या ओळीखाली एक ओळ घातली.

; आई गेल्या, चैत्रात. दोघांचे वेगवेगळे फोन आले.
; दुसऱ्याचं नाव बंद करू नका म्हणाले

दोन ओळी झाल्या.
अंक वाढवला.

सांगलीनं लगेच सगळी फाइल नव्यानं मागून घेतली,
पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत,
आणि तिला त्यात वेगळं काहीच मिळालं नाही.